लॅमिंग्टन रोडची वारी

कोंकणांतून मुंबईस निघालेल्या माणसाच्या हातीं घरचीं माणसें एक यादी देतात. कोणाला चष्म्याची काडी हवी असते, कोणाला पुस्तक, कोणाला औषध. गेल्या श्रावणांत मी निघालों तेव्हां यादींत एकच वस्तु होती; पण ती ठरवितांना आमच्या माजघरांत तीन रात्री वाद झाला होता. एका माणसाचा आवाज दीडशें माणसांपर्यंत पोहोंचविणारें यंत्र आणावयाचें होतें. आणि तो आवाज ज्या माणसाचा, त्या माणसानें "मला तें नको" असें आधींच सांगून ठेवलें होतें.

आमचें गांव दापोली तालुक्यांतलें. देवीचें देऊळ ओढ्याच्या कांठीं आहे. त्याच्या पुढचा सभामंडप चाळीस फूट लांब व पंचवीस फूट रुंद. लाकडी खांब, वर कौलें. नवरात्रांत पांचव्या रात्रीं, म्हणजे ललितापंचमीस, तेथें आमच्या माईआत्यांचें गाणें होतें. हा शिरस्ता चाळीस वर्षांहून जुना आहे. आत्यांनीं गाण्यावर पोट भरलें नाहीं. जन्मभर प्राथमिक शाळेंत शिकविलें. परंतु त्या रात्रीं त्यांच्या तोंडून चार पदें ऐकल्यावांचून गांवाला नवरात्र झाल्यासारखें वाटत नाहीं. पेटी मी धरतों, तबल्यावर आमचे शेजारी बसतात.

पूर्वीं माइक कधीं लागला नाहीं. खालीं शेणानें सारवलेली जमीन होती, वर कौलें. बाहेर रातकिडे आणि आंत शांतता. आत्यांचा आवाज शेवटच्या खांबाशीं बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सहज जाई. मग देवळाचा जीर्णोद्धार झाला. जमिनीवर गुळगुळीत फरश्या आल्या, कुडाच्या जागीं सिमेंटच्या भिंती आल्या, कौलांखालीं पत्र्याचें छत आलें आणि छताला पंखे. देऊळ देखणें झालें, पण बोललेला शब्द चार ठिकाणीं आपटून परत येऊं लागला. त्यांतच आत्यांना चौऱ्याहत्तरावें लागलें. आवाजांतला गोडवा आहे तसाच आहे. दम मात्र पूर्वींचा राहिला नाहीं.

म्हणून गेल्या वर्षीं मंडळींनीं तालुक्याहून भाड्यानें सामान आणविलें. छातीएवढ्या उंचीच्या दोन काळ्या पेट्या, देवळावर दोन कर्णे आणि प्रत्येकासमोर एक अशा पांच माइकांची माळ. आत्यांनीं पहिला स्वर लावला मात्र, आणि सभामंडपभर एक कर्कश शिट्टी घुमली. ती थांबली तर तबल्याचा दणका छातींत बसूं लागला. मुलें कान झांकून हंसत होतीं. दुसऱ्या पदाच्या मध्यावर आत्या थांबल्या, देवीला हात जोडले आणि उठल्या. घरीं येतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "आज जें ऐकूं आलें तो माझा आवाज नव्हे. पुढल्या वर्षीं दुसऱ्या कोणाला तरी बसवा."

तीन रात्रींचा वाद ह्यावरूनच झाला. माझ्या धाकट्या भावाचें, नानाचें, म्हणणें असें कीं, भाड्याचें सामान वाईट होतें. आपण स्वतःचें चांगलें व मोठें घेऊं. माझें म्हणणें, कांहींच नको. जवळ बसणाऱ्यांनीं ऐकावें. थोरल्या वहिनी लसूण सोलतां सोलतां दोघांचेंही ऐकत होत्या. शेवटीं त्या म्हणाल्या, "भावजी, आवाज मोठा करावयाचा आहे, कीं ऐकूं येईलसा करावयाचा आहे, एवढें आधीं ठरवा. शेवटच्या खांबाशीं बसणाऱ्या बायका वर्षभर ह्या रात्रीची वाट पाहतात. त्यांना उठून पुढें या म्हणणार कां तुम्ही?"

ह्यावर आम्हां दोघांपाशींही उत्तर नव्हतें. पुतणी शरयू अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकते. तिला बरोबर घेऊन मी खेडहून कोंकण रेल्वेनें मुंबई गांठली आणि गिरगांवांत मामेभावाकडे उतरलों.

सकाळीं चहा घेऊन आम्ही पायींच निघालों. गिरगांवांतून लॅमिंग्टन रोडला जातांना आधीं ऑपेरा हाउस लागतें. ह्या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन ह्यांचें नांव लोकांच्या तोंडून अद्यापि सुटलेलें नाहीं. कोपऱ्यावर तें जुनें नाट्यगृह नव्या रंगांत उभें आहे. त्याचें उद्घाटन १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज ह्यांच्या हस्तें झालें. १९९३ मध्यें तें बंद पडलें आणि दुरुस्तीनंतर २०१६ सालीं पुन्हां उघडलें. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ ह्यांचे आवाज ह्या वास्तूनें ऐकलेले आहेत. त्याचें छत अशा बेतानें घडविलेलें आहे कीं, वरच्या सज्ज्यांत बसलेल्यालाही रंगमंचावरचा शब्द स्पष्ट ऐकूं यावा. संगीतशिक्षणाला वाहून घेतलेले प्रा. बी. आर. देवधर ह्यांचें विद्यालयही ह्याच ऑपेरा हाउसच्या परिसरांतलें. कुमार गंधर्व तेथेंच घडले.

शरयू म्हणाली, "काका, गंमत पाहा. कर्णा जन्मला १९१५ सालीं. कॅलिफोर्नियांत जेन्सन आणि प्रिडॅम ह्या दोघांनीं तो लोकांपुढें आणला. १९१९ मध्यें अध्यक्ष विल्सन त्यांतून सॅन डिएगोच्या प्रचंड जमावाशीं बोलले. म्हणजे हें नाट्यगृह बांधलें तेव्हां यंत्र नव्हतेंच. आवाज पोहोंचविण्याचें सारें काम इमारतीनें करावयाचें."

मला आमचा जुना सभामंडप आठवला. सारवलेली जमीन आणि कौलें हेंच त्याचें यंत्र होतें. तें आम्हीं आपल्या हातांनीं मोडलें आणि आतां त्याच्या मोबदल्यांत दुसरें विकत घ्यावयास आलों होतों.

ऑपेरा हाउस मागें टाकून उत्तरेकडे चालूं लागलें कीं थोड्याच वेळांत रस्त्याचें रूप पालटतें. ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूनें येणारी गर्दी येथें मिसळते. दोन्ही अंगांस विजेच्या सामानाचीं दुकानें. कांहीं तर इतकीं अरुंद कीं, गिऱ्हाईक फुटपाथवर आणि मालक आंत. तारांचीं भेंडोळीं, डाळीसारखे डब्यांतून भरून ठेवलेले बारीक सुटे भाग, संगणक, कॅमेरे, आणि मधूनच काळ्या स्पीकरांच्या उतरंडी. जुन्या रेडिओचा एखादा भाग मिळेना झाला म्हणजे माणूस शेवटीं येथें येतो. एका दुकानांत कसलेंसें चित्रपटगीत, दुसऱ्यांत आरती, तिसऱ्यांत नुसता "हॅलो, हॅलो, वन्, टू, थ्री".

पहिल्या दुकानांत तरुण विक्रेत्यानें पहिलाच प्रश्न केला, "किती वॉट पाहिजेत?" आणि आम्ही उत्तर देण्यापूर्वीं हजार वॉटांपासून सुरुवात केली. नाना बरोबर असता तर व्यवहार तेथेंच पुरा झाला असता. शरयूनें मला बाहेर आणून हिशेब समजाविला. वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं. तो तीन डेसिबलच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळतो. कानाला दुप्पट भासावयाचा तर वॉट दसपट लागतात. उलट, दोन स्पीकरांपैकीं एक तेवढ्याच विजेवर तीन डेसिबल अधिक देत असेल, तर त्याचे शंभर वॉट म्हणजे दुसऱ्याचे दोनशें. तेव्हां वॉटांच्या आंकड्यावर स्पीकर घेणें म्हणजे चुलींत किती लांकडें जळलीं ह्यावरून भात कसा झाला हें ठरविणें.

तिसऱ्या कीं चौथ्या दुकानांत एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनीं आम्हांला बसावयास स्टुलें दिलीं आणि विचारलें, "गाणार कोण? माणसें किती? जागा बंद कीं उघडी? जमीन कसली? आणि सर्वांत महत्त्वाचें, हें उचलणार कोण?" मीं सर्व सांगितलें. गेल्या वर्षींच्या पांच माइकांची हकीगत ऐकून ते हंसले नाहींत. म्हणाले, "त्या बाईंचें बरोबर होतें."

मग त्यांनीं जें सांगितलें तें वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं, वाड्यांत किंवा देवळांत असा प्रसंग येतो त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें नमूद करतों.

शिट्टी कां वाजते? माइकानें गळ्याचा आवाज घ्यावयाचा, स्पीकरनें तो मोठा करावयाचा. पण तो मोठा झालेला आवाज पुन्हां माइकांत शिरला, कीं पुन्हां मोठा होतो, पुन्हां शिरतो. ह्या फेऱ्यांतून शिट्टी उत्पन्न होते. म्हणून स्पीकर नेहमीं माइकाच्या पुढें, श्रोत्यांच्या बाजूस हवा. गायकाच्या कामाचा माइक एका बाजूनें ऐकणारा व पाठीमागें बहिरा असा असतो. त्याची पाठ जिकडे, तिकडे स्पीकर ठेवावा. जितके माइक उघडे, तितकी शिट्टी जवळ: उघडे माइक दुप्पट झाले कीं शिट्टीपूर्वीं मिळणारा आवाज तीन डेसिबलनें घटतो. आणि तोंड माइकापासून आठ बोटांवर होतें तें चार बोटांवर आणलें, तर एक पैसा न खर्चतां सहा डेसिबल पदरांत पडतात.

"तुमच्या चाळीस फुटांच्या मंडपांत तबला ऐकूं येतो कीं नाहीं?" त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "चांगला येतो." "पेटी?" "तीही येते." "मग त्यांना माइक कशाला? जो आपल्या पायांनीं शेवटच्या ओळीपर्यंत जातो त्याला पालखींत कां बसवितां? बाईंना एक माइक द्या. विजेवरचा तंबोरा तारेनें सरळ जोडा. बाकी सारें जसें आहे तसें राहूं द्या."

पांच माइकांचा एक झाला. आतां स्पीकर. त्यांनीं दोन प्रकार शेजारीं मांडले. एक नेहमींची चौकोनी पेटी, आंत दहा इंची पडदा आणि स्वतःचा अँप्लिफायर. दुसरा माणसाच्या उंचीचा, मनगटाहून थोडा जाड असा खांब. त्यांत लहान लहान स्पीकर एकावर एक रचलेले, आणि पायथ्याशीं खर्जाची पेटी. तींतच तीन-चार तारा जोडण्याची सोय. खांबाला पाहून मला हंसूं आलें. मीं म्हटलें, "हा तर अगदींच किडकिडीत!"

"डोळे मिटून ऐका," ते म्हणाले. शरयूनें माइक हातीं घेऊन साधा सा लावला, मग एक सरगम म्हटली. मी दुकानाच्या तोंडापासून मागच्या गोदामापर्यंत चालत गेलों. चौकोनी पेटीजवळ आवाज भरदार, पण मागें जातां जातां तो विरळ होई, आणि वर पत्र्याच्या माळ्यावर आपटलेला त्याचा घुमारा शब्दांत मिसळे. खांबाचा आवाज जवळ बेताचाच होता. परंतु मागेंही तो फारसा उणावला नाहीं आणि शब्द सुटे राहिले. ह्याचें कारण त्यांनीं असें सांगितलें: उघड्यावर साध्या स्पीकरापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलनें उतरतो, म्हणून शेवटच्या ओळीसाठीं तो वाढविला कीं पुढच्या ओळीचे कान किटतात. खांबांतले लहान स्पीकर एकजुटीनें काम करतात. ते आवाज आडवा पसरतात, पण वर छताकडे व खालीं फरशीकडे फार सांडूं देत नाहींत. आणि जवळच्या अंतरांत तो तितका भरभर उतरतही नाहीं. जेथें छत व फरशी घुमतात तेथें हा गुण सोन्यासारखा. मोकळ्या मैदानांत, किंवा जेथें लोक नाचणार आहेत तेथें, मोठ्या पेट्याच घ्याव्या. जो मनुष्य आज येथें, उद्यां तेथें गाणार त्यानें हलक्या दोन चौकोनी पेट्या व त्यांच्या तिकाट्या घ्याव्या. "सामान जागेसाठीं असतें," ते म्हणाले, "आणि तुमची जागा कोणती, तें तुम्हीं मला सांगितलें."

माइकाच्या बाबतींत त्यांनीं हातचें राखलें नाहीं. शूर ह्या अमेरिकन कंपनीचा एस्एम् ५८ हा माइक १९६६ पासून गायकांच्या हातीं आहे. त्याच्या जातीचा, पडणें-झडणें सोसणारा साधा माइक घ्या, म्हणाले. फार नाजूक माइक पंख्याची घरघरही गोळा करतो. तार तीन दांड्यांची घ्या. तिच्यांतल्या दोन धाग्यांत शिरलेला बाहेरचा गोंगाट पुढें एकमेकांस कापतो, म्हणून लांब तारेंतही गुणगुण येत नाहीं. आणि बैठकीवर मांडी घालून गाणाऱ्यासाठीं बुटकी तिकाटी विसरूं नका. बहुतेक गिऱ्हाइकें तीच विसरतात.

बिल आमच्या ठरलेल्या रकमेच्या आंत बसलें. सगळें सामान मिळून वीस किलोंच्या आंत, दोन पिशव्यांत. लॅमिंग्टन रोड उत्तरेस मुंबई सेंट्रलकडे जातो आणि तेथेंच एस्.टी.चें आगार आहे. ज्या रस्त्याच्या एका टोकाला यंत्रावांचून आवाज पोहोंचविणारें नाट्यगृह, त्याच्या दुसऱ्या टोकाला आम्हीं आमचें यंत्र दापोलीच्या गाडींत चढविलें. वाटभर मी ती लांब पिशवी दोन्ही गुडघ्यांत धरून बसलों होतों.

घरीं नानानें पिशवी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. "एवढाच?" तो म्हणाला. आत्या तर त्या खोलींतच आल्या नाहींत.

नवरात्रापूर्वीं आठ दिवस आम्हीं दुपारच्या वेळीं देवळांत सामान मांडलें. पहिल्यानें गांवच्या वायरमनकडून जमिनींत नेलेली अर्थिंगची तार तपासून घेतली. ती तुटलेलीच निघाली. खांब आत्यांच्या जागेच्या डावीकडे, दोन हात पुढें उभा केला. शरयूनें माइकावरचा खालचे सूर कापण्याचा खटका दाबला. तोंड माइकाच्या जवळ असलें कीं खर्ज फुगतो, तो त्यानें आवरतो. प्रतिध्वनीची कळ तिनें शून्यावर आणली. देऊळच इतकें घुमत असतां वरून आणखी घुमविण्याचें कारण नव्हतें. मग वहिनींनीं सतरंज्या अंथरावयास सांगितल्या, आणि मागच्या भिंतीवर देवीच्या जुन्या पडद्याचें जाड कापड लावविलें. मी त्या फरशीला वर्षभर नांवें ठेवीत होतों; तिच्यावर सतरंजी घालण्याचें माझ्या मनांत आलें नव्हतें.

आत्यांना बोलावून आणण्याचें काम वहिनींचें. त्या आल्या, पण बसल्या नाहींत. उभ्यानेंच माइकाकडे पाहून म्हणाल्या, "पुन्हां ओरडणार काय हा?" शरयूनें आवाज बंद ठेवूनच त्यांना गावयास सांगितलें. त्या गाऊं लागल्या तेव्हां तिनें कळ इतकी सावकाश उघडली कीं, कोणत्या क्षणीं यंत्र सुरू झालें तें मलाही कळलें नाहीं. मी शेवटच्या खांबाशीं जाऊन उभा होतों. तेथें आत्यांचा आवाज आला, जसा मीं लहानपणीं त्याच जागीं बसून ऐकला होता तसा. मी कांहीं बोललों नाहीं. नाना शेजारीं उभा होता. तोही बोलला नाहीं.

ललितापंचमीस मंडप भरला. आम्हीं आठाला सुरुवात केली. कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं, आणि सणासुदीच्या कांहीं दिवसांची जी सवलत सरकार देतें तिची आम्हांला गरज नव्हती. देवळावर कर्णा नव्हता. ज्यांना ऐकावयाचें होतें ते आंत आले. आत्यांनीं चार पदें म्हटलीं, पांचवें लोकांनीं मागून घेतलें. मधल्या पदांत एका ठिकाणीं त्यांचा दम तुटला. तें यंत्रानें लपविलें नाहीं, वाढविलेंही नाहीं. जसा तुटला तसा तो शेवटच्या ओळींतल्या बायकांना ऐकूं आला, आणि त्यांच्यांतल्या एकीनें डोळ्यांना पदर लावलेला मीं पाहिला.

घरीं येतांना ओढ्यापाशीं आत्या क्षणभर थांबल्या. कंदील नानाच्या हातीं होता. त्या शरयूला म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं आवाज आणखी थोडा उतरेल माझा. तेव्हां ती तुझी कळ आणखी थोडी उघड."